80 टक्के रक्कम 45 दिवसांत द्यायची असते, तर आमच्या काऊंटीला पैसे का मिळाले नाहीत?

पारिजातक:

नमस्कार. अमेरिकेतील एका ग्रामीण काऊंटीच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात मी अनुदानांचे काम पाहते. याआधीचा माझा सारा अनुभव आरोग्य विभागातील अनुदानांचा आहे, त्यामुळे होमलँड सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅमची, म्हणजे दहशतवाद व इतर आपत्तींच्या तयारीसाठी संघीय सरकारकडून राज्यांमार्फत मिळणाऱ्या अनुदानाची, पद्धत मला नवी आहे. या अनुदानातील किमान 80 टक्के रक्कम राज्याने 45 दिवसांच्या आत स्थानिक संस्थांकडे सोपवली पाहिजे, असे कायदा सांगतो. आमचे मंजुरीपत्र वेळेवर आले, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्याही झाल्या, परंतु रेडिओ संच आणि प्रशिक्षण यांसाठी मंजूर झालेल्या रकमेतील एक डॉलरही अद्याप आमच्या खात्यात जमा झालेला नाही. शिवाय आमच्या वाट्यातील काही रक्कम राज्य स्वतःकडे ठेवून ‘आमच्या वतीने’ खर्च करू इच्छिते आणि त्यासाठीचा करारनामा आमच्याकडे सहीसाठी आला आहे. राज्य नियम मोडत आहे का, आणि त्या करारनाम्यावर सही करणे आम्हाला बंधनकारक आहे का? काऊंटी आयुक्तांच्या पुढील बैठकीत हे मला समजावून सांगायचे आहे.

ध्रुवतारा:

पारिजातक, तुमच्या वर्णनावरून राज्याने नियम मोडलेला दिसत नाही, पण तुमची अडचण खरी आहे आणि ती या व्यवस्थेच्या घडणीतूनच उद्भवते. मी अनेक वर्षे एका राज्याच्या स्टेट ॲडमिनिस्ट्रेटिव्ह एजन्सीत, म्हणजे सगळे ज्याला एसएए म्हणतात त्या कार्यालयात, काम केले आहे. या अनुदानासाठी फेमाकडे, म्हणजे संघीय आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेकडे, अर्ज करण्याचा अधिकार केवळ एसएएला असतो. काऊंटी, शहर किंवा अग्निशमन दल थेट अर्ज करू शकत नाही. ही जबाबदारी कोणत्या कार्यालयाने सांभाळायची हे गव्हर्नर ठरवतात, त्यामुळे टेक्सासमध्ये ती गव्हर्नरांच्याच कार्यालयाकडे आहे, कॅलिफोर्नियात आपत्कालीन सेवा कार्यालयाकडे, तर न्यू यॉर्कमध्ये होमलँड सिक्युरिटी आणि आपत्कालीन सेवा विभागाकडे.

आता 45 दिवसांविषयी. ही मुदत राज्याने बांधिलकी स्वीकारण्यासाठी आहे, रोख रक्कम पोहोचवण्यासाठी नाही. एसएएने ठाम बांधिलकी दाखवणारी कृती केली आहे का, ती बिनशर्त आहे का, म्हणजे ‘निधी उपलब्ध झाल्यास’ अशी पळवाट तीत ठेवलेली नाही ना, तिचा लेखी पुरावा आहे का आणि अनुदानाच्या अटी स्थानिक संस्थेला कळवल्या आहेत का, एवढेच फेमा पाहते. सह्या झालेले मंजुरीपत्र या चारही कसोट्यांना उतरते. त्यानंतर बहुतेक राज्ये प्रतिपूर्तीची पद्धत वापरतात: काऊंटीने आधी स्वतःच्या तिजोरीतून खरेदी करायची, देयके व पैसे दिल्याचे पुरावे सादर करायचे, आणि मग राज्याने तपासणी करून रक्कम पाठवायची. मोठ्या शहराला हे जड जात नाही, पण ज्या काऊंटीच्या अंदाजपत्रकात रेडिओ संचांसाठी आगाऊ पैसेच नसतात तिच्यासाठी मंजूर अनुदान कागदावरच राहते. माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

यावर नियमांतच एक उपाय आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. संघीय अनुदानांना लागू असलेल्या नियमसंहितेच्या (सीएफआर) शीर्षक 2 मधील भाग 200 मध्ये, ज्या स्थानिक संस्थेची आर्थिक व्यवस्था नीट आहे आणि जी पैसे हाती येणे व खर्च होणे यांतील अंतर कमीत कमी ठेवू शकते, तिला आगाऊ रक्कम द्यावी अशी तरतूद आहे. प्रतिपूर्तीच ठेवली तरी योग्य देयक मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे देणे अपेक्षित असते. तुम्ही लेखी विनंती करा आणि तीत हे कलम स्पष्टपणे नमूद करा.

करारनाम्यावर सही करणे मात्र बंधनकारक नाही. स्थानिक वाट्यातील रक्कम राज्याला स्वतःकडे ठेवून तुमच्यासाठी खर्च करायची असेल, तर तुमची लेखी संमती लागते आणि त्या कागदात किती रक्कम कशासाठी ठेवली जात आहे हे लिहिलेले असावे लागते. राज्यव्यापी रेडिओ यंत्रणा किंवा गुप्तवार्ता एकत्र आणणारे फ्यूजन सेंटर यांसाठी अशी संमती देणे लहान काऊंटीच्या हिताचे असू शकते, कारण त्या सोयी तिला एकटीला कधीच उभारता येणार नाहीत. पण कागदावर नुसते ‘प्रादेशिक क्षमतावृद्धी’ असे मोघम लिहिले असेल, तर आधी तपशील मागवा.

लेखणी:

मी लेखापरीक्षक आहे, म्हणून खरेदीविषयी थोडे सांगते, कारण प्रतिपूर्ती नाकारली जाते ती बहुधा तिथेच. घ्यावयाची वस्तू अधिकृत उपकरण यादीत आहे का, हे खरेदीआदेश देण्यापूर्वीच पाहा. रेडिओ घेताना ते इतर यंत्रणांशी जोडले जाऊ शकतील, याबाबतच्या सेफकॉम मार्गदर्शनाचे पालन करावे लागते. अँटेना इमारतीवर बसवायची किंवा मनोरा उभारायचा असेल, तर पर्यावरण व ऐतिहासिक वारसा यांविषयीची फेमाची तपासणी काम सुरू करण्याआधी पूर्ण व्हायला हवी. आधी खड्डा खणून मग परवानगी मागितली, तर तो खर्च तुमच्याच अंगावर पडू शकतो. जो खर्च काऊंटी एरवीही स्वतःच्या पैशांतून करत होती, त्याच्या जागी हे अनुदान वापरता येत नाही. घेतलेल्या उपकरणांची प्रत्यक्ष मोजणी किमान दोन वर्षांतून एकदा करावी लागते.

वस्तू नियमात बसते एवढ्याने लोकांचे समाधान होत नाही, हेही आयुक्तांना सांगा. मिशिगनमधील काही काऊंटींसाठी या अनुदानातून बर्फगोळे बनवणारी 13 यंत्रे घेतली गेली, तेव्हा उष्माघाताच्या वेळी बर्फ लागतो असे समर्थन दिले गेले, तरी त्या खरेदीची चर्चा देशभर झाली. प्रत्येक वस्तू कोणत्या धोक्यासाठी आहे, हे खरेदीच्या नस्तीतच लिहून ठेवा.

पारिजातक:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आगाऊ रकमेच्या तरतुदीची मला कल्पनाच नव्हती. आणखी एक विचारते: आमच्या प्रादेशिक समितीत मोठ्या शहराचे प्रकल्प नेहमी वर असतात. वाटपाचे सूत्र कायद्यात ठरलेले आहे का?

साकव:

राज्यांमधील वाटपाला सूत्र आहे, पण राज्याच्या आतील वाटपाला कायद्याने एकच सूत्र घालून दिलेले नाही, आणि एसएएची खरी सत्ता इथेच आहे. 2001 च्या पेट्रियट या दहशतवादविरोधी कायद्याने प्रत्येक राज्याला एकूण निधीच्या किमान 0.75 टक्के दिले होते. 9/11 आयोगाने 2004 मध्ये पैसा धोक्याच्या प्रमाणात द्यावा असे सुचवले, आणि 2007 च्या कायद्याने तो किमान वाटा 2008 साठी 0.375 टक्के ठरवून 2012 पर्यंत 0.35 टक्क्यांवर आणला. बाकीची रक्कम धोक्याच्या मूल्यमापनानुसार वाटली जाते. 2023 मध्ये राज्यांच्या कार्यक्रमाला 41.5 कोटी, मोठ्या शहरी भागांच्या कार्यक्रमाला 61.5 कोटी आणि ऑपरेशन स्टोनगार्डन या सीमासुरक्षेच्या कार्यक्रमाला 9 कोटी डॉलर होते. म्हणजे महानगरांसाठी वेगळा आणि मोठा निधी आधीच असतो. तुमच्या प्रदेशातील ते शहर शहरी भागांच्या त्या कार्यक्रमात असेल, तर राज्याच्या कार्यक्रमातूनही त्याला पहिला घास का मिळावा, हा प्रश्न तुम्ही समितीत निःसंकोचपणे विचारू शकता.

राज्याच्या आत प्रत्येकाची रीत निराळी असते. फ्लोरिडात सात प्रादेशिक कृतिदले प्रकल्प सुचवतात, टेक्सासमध्ये स्थानिक शासनांच्या प्रादेशिक परिषदा प्राधान्यक्रम लावतात. मात्र प्रकल्प कोठूनही आला तरी तो राज्याच्या धोका-मूल्यमापनाशी, म्हणजे ज्याला थिरा म्हणतात त्याच्याशी, आणि दरवर्षीच्या सज्जता आढाव्याशी जोडलेला असावा लागतो. ज्या त्रुटीची नोंद आढाव्यात नाही, तिच्यासाठी पैसा मागणे फार कठीण जाते. लहान काऊंट्या ही प्रश्नावली घाईत भरतात किंवा भरतच नाहीत, आणि मग त्यांच्या गरजा राज्याच्या अहवालात दिसत नाहीत. तुमच्या खोऱ्यात रेडिओचा संपर्क कोठे तुटतो, मदतीला येणाऱ्या शेजारच्या दलाला किती वेळ लागतो, हे आकड्यांसह तिथे लिहा.

शिवाय कायद्यानुसार किमान 25 टक्के निधी दहशतवाद रोखण्यासाठीच्या पोलिसी कामांवर खर्च व्हावा लागतो, आणि फेमाच्या 2023 च्या अनुदान-सूचनेत ते प्रमाण 35 टक्के होते. तुमच्या शेरीफ कार्यालयाबरोबर संयुक्त प्रकल्प मांडलात, तर राज्याला ही अट पूर्ण करण्यास मदत होते आणि रेडिओ संचांची तुमची मागणीही पुढे सरकते.

ध्रुवतारा:

साकव यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. या अनुदानाचा कालावधी साधारण 36 महिन्यांचा असतो. त्याच्या शेवटच्या वर्षात काही संस्थांचे प्रकल्प रखडतात आणि न खर्चलेली रक्कम परत जाऊ नये म्हणून एसएए ती दुसरीकडे वळवू पाहते. दरपत्रके, पर्यावरण तपासणीची कागदपत्रे आणि आयुक्तांचा ठराव आधीच तयार असलेल्या काऊंटीला तेव्हा पहिली संधी मिळते. येत्या बैठकीत आयुक्तांकडून करारनाम्याविषयीचा निर्णय घ्यालच. त्याच वेळी दुसऱ्या टप्प्यातील रेडिओ संचांसाठीचा ठरावही मंजूर करून घ्या आणि त्याची प्रत एसएएच्या तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे पाठवून ठेवा.