दादाच्या एआरटीच्या (एचआयव्हीच्या) गोळ्या चुकतायत, मनानेही खचलाय. काय करावं?

सोलापूरची_ताई: नमस्कार. माझा भाऊ (वय ४१) २०१६ पासून एआरटीवर आहे, आता टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) रोज एक गोळी. इतकी वर्षं एकही चुकली नाही. दिवाळीनंतर मात्र बिनसलंय. दुकानाचं शटर बाराला उघडतं, अंघोळीला चार वेळा सांगावं लागतं. एक तारखेला ३० गोळ्यांची नवी डबी फोडली होती. काल २८ तारीख, आत १७ गोळ्या! मी ओरडले. तो एवढंच म्हणाला, "घेऊन तरी काय करायचंय?" आई म्हणते, आळस. डिप्रेशनच्या गोळ्या याबरोबर चालतात का? त्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगावंच लागेल का? गाव लहान आहे हो.

बाराची_गाडी: ताई, मी स्वतः पॉझिटिव्ह, १३ वर्षं गोळ्यांवर. आधी ते मोजणं थांबवा. माझी बायको मोजायची, म्हणून मी रोज एक गोळी संडासात टाकायचो. डबीचा हिशोब चोख! विसरत वगैरे नव्हतो. ती गोळी हातात घेतली की सगळं आठवायचं, म्हणून नको वाटायची. शेवटी एआरटी सेंटरच्या समुपदेशक बाईंनी गोळ्यांचं सोडून "झोप लागते का?" विचारलं आणि मी रडलोच. मग मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या. फरक पडायला महिना गेला, पहिल्या आठवड्यात सोडू देऊ नका. टीएलडी रात्री घेऊन झोप उडत होती, डॉक्टरांना विचारून सकाळच्या चहाबरोबर घेतो.

फार्मसीवाला: एस्सिटालोप्रॅम, सरट्रॅलिन ही डिप्रेशनची नेहमीची औषधं टीएलडीबरोबर सहसा चालतात. कार्बामाझेपिन (फिट्स आणि मूडसाठी देतात ते) मात्र टीएलडीतल्या डोलुटेग्रॅविर या औषधाचा अंमल कमी करतं. म्हणून डॉक्टरांना सांगायचंच. त्याच्या संमतीशिवाय त्यांनी ते बाहेर सांगणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात बसत नाही. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असेल तर टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम नकोत. आणि इतक्या चुकल्यात तर पुढच्या तारखेची वाट न बघता सेंटरला जा, व्हायरल लोडचंही (रक्तात विषाणू किती, ती तपासणी) विचारा.

माई_कोथरूड: सगळे गोळ्यांवर बोलताय, मला "घेऊन तरी काय करायचंय" हेच खटकलं. आजच त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटा सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागतो. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं तर १०९७.

सोलापूरची_ताई: माई, जेवताना विचारलं. बराच वेळ नुसती भाकरी कुस्करत बसला, मग म्हणाला, "कधीकधी." आईच्या हातातली पळी तशीच राहिली. १४४१६ लावून दिला, आतल्या खोलीत वीसेक मिनिटं बोलला. रात्री मी त्याच्याच खोलीत अंथरूण टाकलं. आता आम्ही दोघं सिव्हिलला निघालोय, मानसोपचार आणि एआरटी दोन्हीकडे दाखवतो. डबी त्याच्याच खिशात आहे, मी मोजली नाही.