एसी बारा महिने 24 वर? मुंबईत हे चालणार नाही

पार्लेकरीण
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज: "एसी वर्षभर 24 वर ठेवा, रिमोटला हात लावू नका, बिल निम्मं येईल." खाली अंगठ्यांची रांग. शिकलेली माणसं हे पुढे ढकलतात याचा संताप आला, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

1 जानेवारी 2020 पासून स्टारवाले नवीन एसी बीईईच्या (वीजबचतीचे स्टार देणारी सरकारी संस्था) नियमाने कारखान्यातूनच 24 वर लावून येतात. लोकांनी सवयीने 18 वर जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. वर्षभर तिथेच बसा असं नियमात कुठेही नाही. आणि निम्मं कसं येईल? बीईई एका अंशाला साधारण 6 टक्के बचत सांगते. 18 वरून 24 वर आलात तरी एसीच्या विजेतला फार तर तिसरा हिस्सा वाचेल. फ्रिज, गिझर, पंप यांचं बिल येणारच.

मुंबईत ऋतूप्रमाणे आकडा हलवावा लागतो. मेमध्ये रात्रीचा पारासुद्धा 27 च्या आसपास अडकतो. तेव्हा 26-27 आणि वर पंखा. वारा अंगाला लागला की दोन-तीन अंश कमीच भासतं, आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30-35 वॉटवर फिरतो. पावसाळ्यात छळ गरमीचा कमी आणि ओलीचा जास्त, तेव्हा ड्राय मोड, म्हणजे गारव्यापेक्षा ओल काढण्यावर भर. ऑक्टोबरात दुपार मेसारखीच भाजते, पण पहाटे पारा 24 कडे उतरतो. झोपताना टायमर लावा, मग खिडकी उघडा. डिसेंबर-जानेवारीत मेन स्विचच बंद. एवढं साधं आहे.

वडाळा_विन्या
ताई, साधं तुमच्या घरी असेल. आमचा वरचा मजला आहे. गच्चीची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री अकरानंतर खोलीत ओकत राहते. रिमोटवर 27 लिहिलं म्हणजे अंगाला 27 लागत नाही, छतावरून झळ येतच असते. वडिलांची बायपास झालीय. मे महिन्यात 26 वर ते दोनला उठून बसतात. मी 24 च ठेवणार, आणि ग्रुपवरचा तो मेसेज मीही पुढे पाठवलाय.

पार्लेकरीण
वडिलांना घामात ठेवा असं मी लिहिलेलं नाही. आजारी माणसासाठी 24 काय, 23 ठेवा. माझा आक्षेप "वर्षभर" आणि "निम्मं" या दोन शब्दांवर आहे. आणि छत तापतंय तर इलाज छतावर करा. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग मारला की स्लॅब कमी तापते, मग तोच एसी 26 वर पुरतो.

वडाळा_विन्या
गच्ची सोसायटीची. खालच्या मजल्यांना झळ लागत नाही, मग ते पैसे का देतील? दोन सभांमध्ये विषय पुढे ढकलला. सल्ला देणं सोपं आहे हो.

कंप्रेसर
मी पोटासाठी एसी दुरुस्त करतो, म्हणून थोडं बोलतो. पार्लेकरीण ताईंचं उन्हाळ्याचं बरोबर, पावसाळ्याचं अर्धं. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदूच, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो आकडा, 24-25 असतो. हवेतलं पाणी काढायचं तर कॉइल (एसीच्या आतली थंड नळी) त्याच्या बरीच खाली थंड व्हायला हवी. इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा, 27 वर ठेवला तर कंप्रेसर मंद होतो, कॉइल जेमतेम गार राहते आणि पाणी खोलीतच राहतं. मग गादी दमट, कपाटाला वास, भिंतीला बुरशी. त्यामुळे पावसात 25-26 आणि पंख्याचा वेग कमी. ड्राय मोडही तेच करतो, पण काही मॉडेलांत तो खोली नको इतकी गार करतो, ते बघून घ्या.

दुसरं, शंभर चौरस फुटांच्या खोलीत दुकानदार दीड टन विकतो. तो पटकन गार करून थांबतो, ओल मागे राहते. अशी घरं मी रोज बघतो. लोक म्हणतात गार होत नाही आणि 18 करतात. 18 केल्याने खोली लवकर गार होत नाही. साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी 24 वरही पूर्ण जोरानेच चालतो, फक्त लवकर थांबतो. अंशांवर भांडण्याआधी फिल्टर काढून बघा.

पार्लेकरीण
दमटपणाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण मग पावसात 24 वर बंद डब्यासारखं राहायची गरज नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

लालबाग_दुसरा_मजला
इथे सगळे आपापल्या बेडरूमचं बोलताहेत. समोरच्या टॉवरची आउटडोअर युनिट्स आमच्या गॅलरीकडे तोंड करून आहेत. तुमची खोली 24 होते तेव्हा ती उष्णता जाते कुठे? आमच्याकडे. वर पाईपमधून पाणी ठिबकतं ते आमच्या वाळवणावर. आमच्या चाळीत उंच छत, समोरासमोर दारं आणि मधून वारा. एप्रिल संपेपर्यंत पंखा पुरायचा. आता संध्याकाळी दार उघडलं की गरम झोत. खिडक्या उघडायचा सल्ला देणाऱ्यांनी हे आधी थांबवावं.

तेविसावा_मजला
चाळीचे गोडवे पुरे झाले. मी बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढलो, सहा माणसं. वारा यायचा, पण रात्री सामाईक संडासाला रांग असायची, तीही आठवा.

लालबाग_दुसरा_मजला
संडास हवा म्हणून वारा सोडायचा का? दोन्ही एका घरात मिळायला कोणी अडवलंय?

तेविसावा_मजला
बिल्डरने अडवलंय. हेच लिहायला आलो होतो. आमच्या टॉवरमधल्या स्लायडिंग खिडक्यांचा अर्धाच भाग उघडतो, वर जाळी लावली की तोही नावाला. हॉलला पश्चिमेकडून अखंड काच. दुपारी तीननंतर सोफ्यावर बसवत नाही. बेडरूमची खिडकी समोरच्या विंगकडे. आउटडोअर युनिट्स एका उभ्या डक्टमध्ये एकावर एक, खालच्याची गरम हवा वरचा ओढून घेतो, त्यामुळे वरच्या मजल्याचा एसी कायम दमलेला. अशा घरात "ऑक्टोबरात खिडकी उघडा" कसं करायचं? समुद्र दिसतो, वारा येत नाही.

गोवंडीकर
तुमच्याकडे काच तरी आहे. आमच्याकडच्या पुनर्वसन इमारतींत दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम तीन मीटर. नटवर पारेख, लल्लूभाई कंपाऊंडमध्ये उजेड आणि वारा नसण्याचा क्षयरोगाशी संबंध दाखवणारा अभ्यास झालाय. एसीचे अंश हा विषय आमच्यापर्यंत येतच नाही. खिडकीतून हवा यावी एवढंच मागणं आहे, आणि त्याबद्दल कुठल्याच ग्रुपवर मेसेज फिरत नाही.

वडाळा_विन्या
विषय एसीचा आहे. टॉवर आणि चाळ यासाठी वेगळा धागा काढा.

गोवंडीकर
तुमची स्लॅब चालते, आमची खिडकी चालत नाही? घर कसं बांधलंय यावरच एसी किती खाणार ते ठरतं. तुम्ही स्वतःच तो मुद्दा आणलात.

वडाळा_विन्या
आवाज चढवू नका. मी माझ्या वडिलांबद्दल बोललो, तुमच्या खिडकीला नावं ठेवली नाहीत.

रात्रपाळी
दोघंही थांबा. मी मुलुंडला राहते, दिवसा झोपते. ज्या वेळी तुम्ही सगळे ऑफिसच्या 20 अंशांत फुकट गारठता, त्या वेळी मी पैसे भरून 26 वर झोपते. माझ्या आधीच्या ऑफिसात भर मेमध्ये बायका शाल घेऊन बसायच्या, कारण थर्मोस्टॅटची चावी सूटवाल्या साहेबांकडे. जपानने 2005 पासून ऑफिसांत 28 ठेवा आणि टाय सोडा म्हणून मोहीम चालवली. आपल्याकडे जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी 20 ते 28 ची मर्यादा आणायचं जाहीर केलं, तर लोक चिडले की सरकार बेडरूममध्ये शिरतंय. मॉल आणि ऑफिसांपासून सुरुवात करा, मी पहिली टाळी वाजवेन.

आणि अजून एक. 301 वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असं माझी नणंद सांगते आणि महिनाअखेरीला सासूबाईंचा एसी बंद करते. तसं नसतं. 300 च्या वर गेलेल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. या भीतीपायी म्हाताऱ्या माणसांना उकाड्यात ठेवू नका.

वडाळा_विन्या
हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडेही 25 तारखेनंतर हीच ओढाताण असते.

कंप्रेसर
एसीच्या स्टार लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा 1600 तासांवर काढलेला असतो हेही लक्षात ठेवा. मार्च ते जून आणि ऑक्टोबर, रोज रात्री आठ तास धरले तर 1200 तास तिथेच संपले. दिवसा झोपणाऱ्यांचं किंवा घरून काम करणाऱ्यांचं मीटर लेबलपेक्षा पुढेच जाणार. विनूभाऊ, गच्चीचा रंग होईपर्यंत निदान हे करा: संध्याकाळी दार-खिडक्या उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर काढा, मग एसी. पहिला तास 24, नंतर 26 आणि पंखा. वडील उठले तर एक अंश खाली.

वडाळा_विन्या
मेमध्ये 24 सोडणार नाही, हे स्पष्ट सांगतो. जुलैत तुमच्या पद्धतीने करून बघेन, तेही कपाटाला खरंच वास मारतो म्हणून. ताईंचं "साधं आहे" मला अजूनही पटलेलं नाही.

पार्लेकरीण
नका पटवून घेऊ. तो मेसेज मात्र पुढे पाठवणं थांबवा. तेविसावा मजला, पश्चिमेच्या काचेला बाहेरच्या बाजूने बांबूची चिक लावायला सोसायटी परवानगी देते का? ऊन काचेच्या बाहेरच अडलं तर फरक पडतो. आतल्या पडद्याने उष्णता आत आल्यावर अडवून काय उपयोग.

तेविसावा_मजला
नाही देत. दर्शनी भाग बिघडतो म्हणतात. लेखी मागितलंय, उत्तर आलेलं नाही.

लालबाग_दुसरा_मजला
दर्शनी भाग आम्हाला रोज दिसतो. त्यावर आउटडोअरची रांग चालते आणि चिक चालत नाही, हे तुमच्या कमिटीला माझ्याकडून सांगा. त्याच पत्रात ठिबकणाऱ्या पाईपांचंही लिहा.