बार मित्स्वा 'झाला' की 'झाली'? आणि पत्रिकेत 'मुंज' लिहावं का?

शेजारच्या काकू बेने इस्रायली (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) आहेत, माहेर अलिबागकडचं. लेक-जावई इस्रायलमध्ये अश्दोदला असतात, नातू आता १३ पूर्ण करतोय आणि त्याचा बार मित्स्वाचा कार्यक्रम ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) ठेवलाय. हिब्रू पत्रिका तयार आहे पण नात्यातल्या वयस्कर मंडळींसाठी मराठीही हवी, ती लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मित्झ्वा, मित्स्वा, मिट्झवा यातलं काय लिहू? झाला की झाली? आणि कंसात 'मुंज' टाकू का?

— मित्स्वा लिहा. मित्झ्वा हे इंग्रजी टीझेडवरून आलंय. हिब्रूतला तो उच्चार म्हणजे आपल्या चूल, चमचा मधला च, मराठी माणसाला तर तो आयताच येतो, पण 'मिच्वा' लिहिलं तर कोणी चहातला च वाचेल, म्हणून त्स बरा.

— मुंज नको हो ताई. बार म्हणजे अरामी भाषेत मुलगा आणि मित्स्वा म्हणजे आज्ञा, म्हणजे ज्याला आता धर्माच्या आज्ञा लागू झाल्या तो. शब्द मुळात मुलाचा आहे, समारंभाचा नंतर झाला. मुंज लावावी लागते, इथे हिब्रू तिथीने १३ पूर्ण झाली की मुलगा बार मित्स्वा होतोच, मग समारंभ करा नाहीतर राहू द्या. तोंडी सांगताना 'मुंजीसारखं' म्हटलं तर चालेल, छापू नका. मुलीचं १२व्या वर्षी, तिला बात मित्स्वा, कारण बात म्हणजे मुलगी. मुलींसाठी समारंभ करायची पद्धत तशी अलीकडची, अमेरिकेतला पहिला न्यूयॉर्कला १९२२ मध्ये जूडिथ कॅप्लनचा धरतात.

— मी बेने इस्रायलीच. आमच्या घरी 'झाला' म्हणतात. हिब्रूत मित्स्वा स्त्रीलिंगी आहे खरं, पण मराठीत आकारान्त म्हणून आणि मनात समारंभ असतो म्हणूनही असेल, झालाच तोंडात येतं. आजी सिनेगॉगला मशीद म्हणायची, जुन्या माणसांना तो शब्द लगेच कळेल पण नवीन पिढी गोंधळेल, तेव्हा सिनेगॉगच ठेवा. वार कुठला आहे? तोरा (आमचा धर्मग्रंथ) सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी वाचतात, शनिवारी तेफिलीन (हाताला नि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या) बांधत नाहीत आणि फोटोही नाहीत, त्यामुळे पुष्कळ जण गुरुवार धरतात. आणि मलिदा असेल तर तो शब्द पत्रिकेत नक्की घाला, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं आणि एलियाहू हन्नावीचं (संदेष्टा एलियाहूचं) स्मरण, आमच्या म्हाताऱ्यांना त्या एका शब्दावरून घरचं कार्य वाटतं.

— गुरुवारच आहे! मलिदाही आहे, काकू खोबरं स्वतः खवणार म्हणतात. मग असं लिहिते: 'आमचा नातू तोराचे प्रथम वाचन करून बार मित्स्वा होत आहे. मलिद्यास सहकुटुंब यावे.' म्हणजे झाला-झालीचा प्रश्नच नाही. काकूंना वाचून दाखवलं, त्यांनी 'सहकुटुंब'च्या पुढे 'अगत्य' घालायला सांगितलंय.