जाड-बारीक रेषा आणि पेन्यो
अक्षरातल्या रेषांच्या जाडीतला ठळक फरक सेरिफ (रेषांच्या टोकांना असलेले छोटे फाटे) असलेल्या टंकांनाच, म्हणजे फॉन्टनाच, शोभतो असे एक मत आहे; ते मला पटत नाही. बोरूने लिहिलेल्या आपल्या देवनागरीत तो सेरिफशिवायच सुखाने नांदतो. रोमन लिपीत फ्रेंच चित्रकार कासांद्र यांचा १९३७ सालचा पेन्यो हा सेरिफ नसलेला टंक पाहावा: त्यात लहान लिपीतल्या ‘ए’, ‘ई’, ‘आर’ यांच्या जागी कॅपिटलचीच छोटी रूपे आहेत, आणि पॅरिसच्या पाले द शायो या इमारतीवर कवी पोल व्हालेरी यांच्या ओळी याच टंकात सोनेरी अक्षरांत झळकतात.

मात्र पेन्यो मथळ्यापुरताच ठेवावा. एका निमंत्रणपत्रिकेतला पत्ता मी याच टंकात, काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, ८ पॉइंट इतक्या लहान आकारात लावला होता. छपाईत शाई पसरून बारीक रेषा बुजल्या आणि अक्षरांऐवजी नुसत्या जाड दांड्या उभ्या राहिल्या.