१९९१ : ऑगस्ट ते नोव्हेंबर

१९९१च्या रॉक अल्बमांची चर्चा निघाली की ते निर्वाणा बँडच्या 'नेव्हरमाइंड'चं वर्ष, असं म्हटलं जातं. मान्य. पण माझ्यासाठी ते वर्ष ऑगस्टातच पेटलं होतं, मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमने. मी तेव्हा सतरा वर्षांचा. त्यांच्या आधीच्या अल्बममध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. इथे निर्माता बॉब रॉकने तो असा पुढे आणला, की 'सॅड बट ट्रू' लागलं की छातीत घुमायचं. मित्राने ६० मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिला होता, आणि अल्बम साधारण ६२ मिनिटांचा. त्यामुळे शेवटचं 'द स्ट्रगल विदिन' मध्येच तुटायचं. आजही ते पूर्ण ऐकताना नेमक्या त्या जागी मी श्वास रोखतो.

'नेव्हरमाइंड' २४ सप्टेंबरला आला, आणि त्याच दिवशी रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक'! एका दिवसात दोन इतके वेगळे, इतके जिवंत अल्बम. पर्ल जॅमचा 'टेन' मला पुढच्या वर्षी सापडला. गन्स अँड रोझेसच्या 'यूज युअर इल्यूजन'चे दोन भाग मिळून एकच घट्ट अल्बम व्हायला हवा होता असं मला तेव्हाही वाटायचं, पण त्यातल्या 'एस्ट्रेंज्ड' गाण्यासाठी सगळं माफ.

आणि या चर्चेत यूटूच्या 'अख्तुंग बेबी'चा विषय कुणीच कसा काढत नाही? नोव्हेंबरात आला होता. त्यातलं 'वन' मी पहिल्यांदा अंधारात, हेडफोन लावून ऐकलं. संपलं तशी कॅसेट मागे फिरवली, पुन्हा ऐकलं, पुन्हा फिरवली. त्या रात्री दुसरं गाणं लागलंच नाही.