मदत हवी आहे : अर्पण हा केवळ रिवाज न राहता साधना कशी व्हावी?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आम्ही पुण्यात वानवडीला राहतो. पगार झाला की दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, पाकिटात घालून मी बाजूला ठेवतो. परंतु अलीकडे ते वीजबिल भरल्यासारखे होऊ लागले आहे, याची मला मनापासून खंत वाटते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 9व्या अध्यायात दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे सांगितले आहे.

गेल्या रविवारी चर्चमध्ये अर्पणाची थैली आमच्या बाकापर्यंत येईस्तोवर माझ्या मुलीने दहा रुपयांचे नाणे मुठीत इतके घट्ट धरले होते, की तळहातावर त्याची गोल खूण उमटली. “पप्पा, त्या विधवेने तर सगळंच दिलं ना?” शुभवर्तमानातील, आपल्याजवळची दोन नाणीही अर्पण करणाऱ्या गरीब विधवेविषयीच्या या तिच्या प्रश्नावर मला काहीच बोलता आले नाही.

मिझोरममधील ख्रिस्ती घरांत प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, काढून ठेवतात. असे रोजचे, हाताने करायचे देणे आपल्यापैकी कोणी घरात सुरू केले आहे का? उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू न देता मुलांना ते कसे शिकवावे, याविषयीही कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.