बातम्या बंद करून काय होणार?

कोणीतरी लिहिलंय की मनःशांती हवी असेल तर घरात बातम्या लावायच्याच नाहीत. आम्ही लावतच नाही हो. आमच्याकडे त्या छतातून येतात.

२६ मे २०२५ ला मुंबईत मान्सून पोचला, १९५० पासूनच्या नोंदींत सगळ्यात लवकर. त्याच दिवशी आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. (यावर अग्रलेख लिहायला खुद्द अत्रे नव्हते, एवढंच दुःख.)

त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्येही पंख्याच्या हुकातून थेंब सुरू झाले. खाली आधी वाटी, मग पातेलं, शेवटी बादली. टपटप आवाजात मालिकेतले संवाद ऐकू येईनात, म्हणून आईने बादलीत जुना टॉवेल टाकला. मालिकेत नायिकेची स्मृती गेली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींचीही गेली असावी, कारण मागच्याच वर्षी वॉटरप्रूफिंग कोणी केलं ते त्यांना आठवेना. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, "आमच्याकडे तर कोरडं आहे." असणारच, पाणी खाली येतं.

बायकोने मोबाईलवर स्थानकाचा व्हिडिओ दाखवला. "बघा आई, तिथे आपल्यापेक्षा जास्त आहे."

आई स्क्रीनकडे न बघताच म्हणाली, "त्यांच्याकडे पंप असतील. आपली एकच बादली, तीही सकाळी आंघोळीला लागणार."